रंग उद्या

रोही आडवा आला अन् बंपर फाटलं.
रोही गेला तुरीत, मांगं वयूनबी नाई पाह्यलं,
मी सात लेकरं घेऊन शाळेच्या रस्त्यावर उभी,
व्हॅनचं थोबाड हातात.

आर्वीच्या गॅरेजवाल्यानं साडेचार हजार सांगितले.
मी म्हनलं, मंग मीच करते.
तो हासला. म्हने, लोखंड कसाबी रंग घेते ताई,
हे नाई घेत. दोन पावसात पापुद्रे निघन.

घरी आंगनात गोनपाट टाकलं, त्याच्यावर बंपर पालथं.
भांड्याच्या साबनानं धुतलं. मंग अजून धुतलं.
डिझेलचा धूर, लेकरायनं पुसलेले चिवड्याचे हात,
अन् पह्यल्या मालकानं विकाच्या आधी चोपडलेलं पॉलिश.
पानी थेंब-थेंब होऊन पये.
तिसऱ्या वक्ताले पसरून बसलं,
शेजारीन बसते तसं, उठाचं नाव नाई.
तवा समजलं, तेल गेलं.

चीर वीतभर होती. मांगून तारेची जाळी,
तापलेली सळाख, अन् असा वास
का मांजर दोन दिवस घरी आली नाई.
वरून पुटी. भिताडाची नाई, वाकनारी,
नाई तं पह्यल्याच गतिरोधकावर ढेपसा उडते.

मंग कागद. तीनशेवीसचा, सहाशेचा, आठशेचा ओला.
सासू वसरीतून म्हने,
गाडी मारुती, नवरा मारोती,
एकाले इतकं घासतं, दुसऱ्याकडं कवा पाह्यतं?
मी डोये मिटून बोट फिरवत होती.
खड्डा बोटाले दिसते.
अन् एकदा सापडला नाई
का मंग बोटबी लावाचं नाई, बोटालेबी तेल असते.

संक्रांतीपर्यंत जीन रातदिवस चालते.
मारोतराव घरी येते ते पिंजूनच आल्यासारखे,
भुवयांवर कापूस, कानात कापूस,
खोकले तरी कापूस.
मी तट्ट्याआडूनच सांगितलं, आज आत याचं नाई.
काऊन?
घासलेलं प्लास्टिक वढते, म्हनलं. तुमच्या अंगावरचं सारं
इथं येऊन चिकटन.
बरं, म्हने. अन् भाईर दगडावर बसले.
तट्ट्यावरून चहाचा कप देल्ला.

दव पडाच्या आधी प्रायमर माराचं होतं.
डबा कोमट पान्यातून काढला, हालवला,
आतली गोयी वाजली.
एक वीत लांब. हात थांबू द्याचा नाई,
थांबला का वघय येते.
लागलं का नाई, हेबी दिसत नाई इतकं पातय.

आज पट्ट्यात गमछा गेला एकाचा, तिकडून म्हने.
अन् मानूस?
मानूस वाचला. गाठ सैल होती.
मी मंधात होती, डाव्या कोपऱ्याकडं चालली होती,
बोट दाबलेलं.
कोनाचा?
चहा पेल्याचा आवाज आला.
कोपरा झाला. मंग खालची कड.
तट्ट्याच्या फटीतून पाह्यलं,
दगडावर बसलेले, शर्टाचं वरचं बटन उघडं,
मान मोकयी.
सकायी मीच टाकला होता, लाल चौकडीचा.

डब्यावर लिवलं होतं, दहा मिनिटं हात लावू नये.
मी दहा मिनिटं उभी राह्यली.
सासूनं इचारलं, आटपलं का? मी नाई बोलली.
जीनचा भोंगा झाला, दुसरी पाळी लागली.

मंग हातमोजे काढले, तट्ट्या सारला,
अन् उघड्या बोटानं त्यायच्या भुवईवरचा कापूस काढला.
एका बाजूचा. दुसरीकडचा राहू देल्ला,
मानीवर वय होता, पट्ट्यासारखा,
तिथंच हात राह्यला मायावाला.
झालं का रंगवून? म्हने.
नाई, म्हनलं. हा रंग नोहे.
रंग उद्या. वारा उठाच्या आधी.